रिकाम्या हातांचं ध्यान

प्रमिलाबाईंना रिकामं बसता येत नाही, हे लिंबायतमधल्या त्यांच्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारणीच्या ब्लाउजचा सुटलेला दोरा त्या न विचारता तोडतात. रिक्षात बसल्या की सीटच्या फाटक्या कव्हरातले धागे ओढत बसतात. आरतीत टाळ्या वाजवून झाल्या की देवाच्या वस्त्रातला जरीचा धागा कुठे निघाला आहे का, हे चाचपून बघतात. पुजाऱ्यानं एकदा हटकलं तर म्हणाल्या, "देवाचंच काम करतेय, तुमचं नाही."

हातांना ही सवय कामानं लावली. कापड मार्केटातून मशीनवर भरलेल्या वर्कच्या साड्या पोटलं, म्हणजे गाठोडं, बांधून घरी येतात. साडीच्या उलट बाजूला एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मशीननं ओढत नेलेले धागे लोंबत असतात. ते कापायचे. फुलाला धक्का लागता कामा नये आणि धागाही मागे राहता कामा नये. त्यासाठी बोटभर लांबीचा कटर असतो. प्रमिलाबाईंचा कटर काळ्या दोरीत ओवून गळ्यात, मंगळसूत्राच्या जरा खाली लटकलेला असतो. आंघोळीला जाताना काढतात, तेवढाच. बावीस वर्षं त्यांनी हे काम केलं. पोटलं आणून देणारा धर्मेंद्र आजही दारातूनच गुजरातीत ओरडतो, "मासी, तमारू काम एक नंबर छे!" हे वाक्य ऐकलं की त्यांचा तो दिवस बरा जातो.

आता या बाईंना डॉक्टरांनी सांगितलं, की मन शांत ठेवा. मन म्हणजे जशी काही शेळी, खुंट्याला बांधली की झालं.

डॉक्टरांचंही चुकलं नव्हतं. प्रमिलाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला उजवा पुरता पिकलेला. ट्रस्टच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली. दोनदा डोळ्यात थेंब घातले, हिरवा झगा चढवला आणि दोनदा टेबलाजवळून परत पाठवलं. पहिल्या वेळी प्रेशर एकशे ब्याण्णव, दुसऱ्या वेळी एकशे अठ्ठ्याण्णव. गोळ्या वेळेवर घेत होत्या, मीठ कमी केलं होतं, लोणच्याच्या बरणीकडे बघणंही सोडलं होतं. तरी हाताला पट्टा गुंडाळला की आतून कुणीतरी पाणी उपसायला लागावं तसा आकडा वर. तिसरी तारीख अठरा दिवसांनी, मंगळवारची. डॉक्टर म्हणाले, "बा, आ वखते पण प्रेशर न उतरे तो पछी मारा हाथमां नथी." या वेळीही प्रेशर उतरलं नाही तर त्यांच्या हातात नाही, म्हटल्यावर मग कुणाच्या हातात, हे त्यांनी सांगितलं नाही. गोळी वाढवली आणि चिठ्ठीवर खाली लिहिलं, ध्यान.

म्हणून मग डिंडोलीचा वर्ग. तिथल्या एका मंदिराच्या हॉलमध्ये रोज सकाळी सात वाजता शकुंतलाबाई फुकट ध्यान शिकवत. नाशिककडच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, स्वच्छ बोलणाऱ्या बाई. त्यांचे यजमान चंद्रकांतराव दाराशी खुर्ची टाकून सगळ्यांच्या चपला सांभाळत आणि पेपर वाचत. ध्यानाला ते स्वतः कधी बसले नाहीत, पण चप्पल एकाचीही हरवली नाही.

प्रमिलाबाईंना रस्ता एकटीनं ओलांडता येईना, त्यामुळे सोबत लोटूभाऊ, त्यांचे यजमान. तेही बसले ध्यानाला, आणि पहिल्याच दिवशी वर्गात पहिले आले म्हणायला हरकत नाही. ताठ पाठ, मिटलेले डोळे, चाळीस मिनिटं पापणीसुद्धा हलली नाही. शकुंतलाबाई सगळ्यांना म्हणाल्या, "लोटूदादांकडे बघा. याला म्हणतात स्थिरता." आता लोटूभाऊंनी तीस वर्षं लूमच्या खात्यात काढलेली. शंभर मशिनांच्या खडखडाटात कान केव्हाच गेले. त्यांना डिंडोली काय आणि हिमालय काय, सारखंच शांत. शिवाय त्यांचा खालचा ओठ जरासा लोंबला होता. तो ओठ लोंबला की माणूस झोपलाय, हे चौतीस वर्षांच्या संसारात प्रमिलाबाईंना पाठ झालेलं. पण भर वर्गात नवऱ्याची स्थिरता कोण खोटी पाडणार?

त्यांचं स्वतःचं मात्र काही केल्या जमेना. शकुंतलाबाई सांगत, "श्वास आत आला, बघा. बाहेर गेला, बघा. मन कुठे गेलं तर रागावू नका. हळूच हाक मारून परत बोलवा."

पहिला श्वास आत आला. बाहेर गेला. दुसरा आत आला. तिसऱ्याला डाळ आठवली. कुकर उतरवला का जयश्रीनं? जयश्री म्हणजे त्यांची सून, हेमराजची बायको. उतरवला असेल, ती विसरत नाही. ती काहीच विसरत नाही, हीच तर भीती. बोलवा, बोलवा परत. चौथा श्वास. हेमराज डबा घेऊन गेला का? पर्वत पाटियाच्या गोडाऊनमध्ये पार्सलं भरता भरता त्याला जेवायला तीन वाजतात. जयश्री डब्यात कालची भाजी देते का? नाही देत. मग पहाटे उठून करते काय? आणि इथं आलं, की मन जे बसायचं, ते हाक मारून काय, ओढून काढलं तरी उठत नसे. विचार येऊ द्या आणि जाऊ द्या, असं बाई म्हणत. प्रमिलाबाईंचे विचार माहेरपणाला आल्यासारखे यायचे. जायचं नावच नाही.

पहाटेची गोष्ट अशी होती. त्यांचं घर म्हणजे पुढची खोली आणि मागे स्वयंपाकघर, मध्ये पडदा. प्रमिलाबाई आणि लोटूभाऊ पुढे झोपत, हेमराज-जयश्री वरच्या माळ्यावर. दिवाळीपासून रोज पहाटे जयश्री शिडीवरून उतरायची, स्वयंपाकघरात दिवा लागायचा आणि पडद्याआडून बारीक आवाज यायचा. कट. कट. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा कट. बावीस वर्षं ज्या बाईनं कटर चालवला, तिला हा आवाज झोपेतही ओळखू येणार. त्या विचारायच्या, "काय करस व जयश्री?" आतून उत्तर, "चहा ठेवस, आत्या." चहा कट कट वाजत नाही.

आणखी एक. प्रमिलाबाई तयार साड्यांचं पोटलं रात्री डाव्या हातानं गाठ मारून ठेवत. सकाळी गाठ उजव्या हाताची असे. डोळ्यांना अंधुक दिसलं म्हणून बोटांना गाठ फसवू शकत नाही. म्हणजे पोटलं सोडलं जात होतं. कशासाठी? माझं काम स्वतःचं म्हणून दाखवते का? पण धर्मेंद्र तर अजून मासी एक नंबरच म्हणतो. मग शिकत असेल. माझं बघून बघून हात बसवत असेल. हात बसला, की एक दिवस म्हणेल, आत्या, आता तुम्ही बसा एका कोपऱ्यात, मी बघते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगाच नाही. श्वासामागून श्वास जात राहायचा आणि प्रमिलाबाईंच्या मनात सुनेनं कटर हिसकावलेला असायचा, पोटलं आपल्या पुढ्यात ओढलेलं असायचं, आणि शेजारपाजारच्या बाया बघत असायच्या.

आता हेच चित्र, असंच्या असं, बायांसकट, त्यांना का दिसावं? खरं सांगायचं तर, ते त्यांनी आधी एकदा पाहिलेलं होतं. फक्त तेव्हा हिसकावणारा हात त्यांचा होता.

वर्गाच्या सहाव्या दिवशी शकुंतलाबाईंनी हातांची मुद्रा शिकवली. तळवे वर करून हात मांडीवर ठेवायचे, अंगठ्याचं टोक पहिल्या बोटाच्या टोकाला हलकेच टेकवायचं. प्रमिलाबाईंनी टेकवलं, आणि झटकन बोटं सोडवली. त्यांनी डोळे उघडले. पुन्हा मिटवेनात.

त्यांची सासू मांडीवर हात ठेवून अशीच बसायची. पारोळ्याकडचं गाव, घरासमोरची ओसरी. म्हातारीचे डोळे गेले होते, पण दादर ज्वारी निवडायला सूप तीच घ्यायची. ज्वारीत खडे राहायला लागले. एकदा पाहुण्यांच्या पंगतीत लोटूभाऊंच्या दाताखाली खडा आला. त्याच दुपारी ओसरीवर चार बाया बसलेल्या असताना बावीस वर्षांच्या प्रमिलानं सासूच्या हातातलं सूप ओढून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमले दिखत नही आते. बठा एक कोपराले." म्हातारी काही बोलली नाही. उठून कोपऱ्यात बसली, ती पुढे चार वर्षं. रिकामे हात मांडीवर. आणि अंगठा पहिल्या बोटावर सारखा घासत राहायचा, जसा एकेक दाणा चाचपून खडा वेगळा करतेय. प्रमिलाला ते बघून राग यायचा. कशाचा राग, ते तिला तेव्हा कळायचं नाही. आता पन्नाशी उलटल्यावर कळत होतं, पण कळून उपयोग काय? म्हातारी जाऊन सत्तावीस वर्षं झाली.

त्या दिवसापासून प्रमिलाबाई ध्यानात हाताच्या मुठी मिटून बसू लागल्या. शकुंतलाबाई येता-जाता मुठी हलकेच सोडवत. त्या पुढे गेल्या की मुठी पुन्हा मिटत.

अकराव्या दिवशी जे घडलं, त्याची आठवण डिंडोलीच्या त्या हॉलमध्ये अजून काढतात. ध्यान रंगात आलं होतं. शकुंतलाबाई हातात तुळशीच्या मण्यांची माळ घेऊन रांगांमधून फिरत होत्या. फिरता फिरता त्या प्रमिलाबाईंपुढे थांबल्या. हात सैल सोडलेला, माळ खाली लोंबणारी, तिच्या टोकाला लाल गोंडा. प्रमिलाबाईंचे डोळे अर्धवट उघडे. मन तेव्हा घरी, पडद्याआड. धुक्यातून पाहावं तसं त्यांना समोर एवढंच दिसलं, की लाल धागा लोंबतोय.

हातांनी विचारलं नाही. त्यांना विचारायची सवयच नव्हती. गळ्यातला कटर बोटांत आला आणि, कट.

एकशे आठ मणी फरशीवर उड्या मारत सुटले. इतक्या शांततेत तो आवाज म्हणजे पत्र्यावर गारा. सगळ्यांनी डोळे उघडले. कुणाच्या मांडीखाली मणी, कुणाच्या पदरात मणी. चंद्रकांतराव पेपर टाकून धावत आले आणि एका मण्यावरून घसरता घसरता वाचले. पंचवीस-तीस माणसं गुडघ्यांवर रांगायला लागली. स्थिर राहिले ते एकटे लोटूभाऊ. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

प्रमिलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याही खाली वाकून फरशी चाचपायला लागल्या. एक मणी सापडला. तो त्यांनी दोन्ही हातांनी शकुंतलाबाईंपुढे धरला. "माफ करा मॅडम, हा घ्या."

शकुंतलाबाईंनी तो बघितला. मग प्रमिलाबाईंकडे बघितलं. "बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हा शेंगदाणा आहे. कालच्या प्रसादातला."

प्रमिलाबाईंनी तो दाणा पुन्हा बोटांनी चाचपला.

"इतकं कमी दिसतं तुम्हाला? मग साड्यांचे धागे कसे कापता हो?"

"हाताला कळतं."

"माळेचं नाही कळलं ते," शकुंतलाबाई म्हणाल्या. टोमणा नव्हता. बाईंचा तो स्वभावच नव्हता. त्या सहज बोलल्या आणि उरलेले मणी शोधायला वाकल्या.

परतीच्या रिक्षात प्रमिलाबाई सीटच्या कव्हराला शिवल्या नाहीत. इतके दिवस जे मन गल्लोगल्ली भटकत होतं, ते आता एकाच दारात ठाण मांडून बसलं. हाताला माळेचा गोंडा कळला नाही. मग साडीवरची फुलं कळली असतील? पाकळीला धरून ठेवणारा धागा आणि लोंबणारा धागा यांतला फरक बोटांना समजला असेल? एक चुकीचा धागा कापला की पाकळी सुटते, आणि मार्केटवाले ती साडी परत पाठवतात. शेजारच्या कुसुमचं तसंच झालं होतं. तिच्या चार साड्या परत आल्या, धर्मेंद्रनं सगळ्यांदेखत तिच्यापुढे टाकल्या आणि महिन्याभरात तिचं पोटलं बंद झालं. प्रमिलाबाईंना दिवाळीपासून नीट दिसत नव्हतं. आणि दिवाळीपासून आजपर्यंत त्यांची एकही साडी परत आली नव्हती.

एकही नाही.

दिवाळीपासूनच तर पहाटेची ती कट कट होती.

त्यांनी लोटूभाऊंचा दंड घट्ट धरला. लोटूभाऊ रिक्षाच्या आवाजाच्या वर ओरडले, "काय व, काय व्हयनं?"

"काही नही," त्या म्हणाल्या. त्यांना ते ऐकू गेलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिडी वाजली, दिवा लागला, आणि कट असा पहिला आवाज आला तशा प्रमिलाबाई उठल्या. भिंतीला हात लावत गेल्या आणि पडदा सारला. जयश्री खाली बसलेली होती. समोर पोटलं सोडलेलं. मांडीवरची साडी तिनं पटकन मागे ढकलली.

"हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"चहा ठेवस, आत्या."

प्रमिलाबाई खाली बसल्या, हात लांब करून साडी ओढली आणि उलट्या बाजूवरून बोटं फिरवली. बोटाला टोचलं. साडीत सुई अडकवलेली होती, सुईत पिवळा रेशमी दोरा.

"चहाले सुई लागस का व?"

स्टोव्ह तर पेटवलेलाही नव्हता.

प्रमिलाबाईंची बोटं साडीवरून पुढे गेली. इथं एक बारीक गाठ. पुढच्या फुलाला आणखी एक. त्याच्या पुढच्या पानाला दोन. सुटलेल्या पाकळ्या मागून उचलून, टाका घालून, पुन्हा जागेवर बसवलेल्या. आणि ज्या धाग्यांना त्यांचा कटर लागलाच नव्हता, ते आता मुळापासून साफ. ही काल संध्याकाळी त्यांनीच पुरी केलेली साडी होती. पुरी केली म्हणून त्यांनी वर हात झटकले होते.

"कितला दिन व्हयनात?" त्यांनी विचारलं.

"दिवाईपासून," जयश्री म्हणाली.

"माले काबर सांगं नही?"

जयश्रीनं हातातला कटर खाली ठेवला. बोलणारी बाई नव्हती ती. "सांगं असतं तं तुम्ही कटर ठेवी दिधं असतं," ती म्हणाली. "मंग तुमना हातले चैन पडती का?"

आता इथं प्रमिलाबाईंचे डोळे भरून यावेत, सुनेला पोटाशी धरावं, असं कुणालाही वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांना राग आला. भयंकर राग. लाज इतकी वाटत होती, की राग आणण्यावाचून दुसरा इलाज नव्हता. म्हणजे धर्मेंद्रचं ते एक नंबर माझं नव्हतंच. म्हणजे सहा महिने मी नुसती कट कट करत बसले, आणि ही पोर माझ्यामागून माझे खडे वेचत राहिली. खडे हा शब्द मनात आला, तशा त्या उठल्या आणि पुढच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. दोन दिवस सुनेशी धड बोलल्या नाहीत. जयश्रीनं दोन्ही दिवस त्यांच्यापुढे पोटलं नेहमीसारखं आणून ठेवलं. त्यांनी ते सोडलं नाही.

सगळं कळल्यावर जीव थंड व्हायला हवा होता. झालं उलटं. आधी मनाला धरायला सुनेचा संशय तरी होता. आता धरायला काही नाही, आणि सूप डोळ्यांपुढून हलेना. ओसरी, त्या चार बाया, म्हातारीचं न बोलणं. तीच वेळ माझ्यावर आली, आणि माझ्या सुनेनं काय केलं? पहाटे उठून, दिवा लावून, कुणाला कळू न देता. आणि मी? भर दुपारी, सगळ्यांना ऐकवून. तेव्हा मुकाट्यानं मागून एकदा पाखडून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या वर्गाला गेल्या, पण श्वास बघायला बसल्या की श्वासच अडकल्यासारखा व्हायचा. शकुंतलाबाईंनी माळ पुन्हा ओवून आणली होती आणि आता त्यांच्यापासून चार हात लांबून फिरायच्या. मंगळवार येऊन ठेपला.

हेमराजला गोडाऊनमधून सुट्टी मिळाली नाही. जयश्री आणि लोटूभाऊ सोबत आले. दवाखान्यात पुन्हा तेच थेंब, तोच हिरवा झगा, दंडाला तोच पट्टा. पट्टा फुगला, घट्ट झाला, सुटला.

"एकसो चोराणुं," नर्स म्हणाली. एकशे चौऱ्याण्णव.

डॉक्टर दारात येऊन आकडा बघून गेले. आत आणखी सात जणांचे नंबर होते. नर्सनं निरोप आणला, अर्धा तास बाहेर बसा, पुन्हा मोजू, उतरलं तर ठीक, नाहीतर आज घरी. घरी म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही, पण प्रमिलाबाईंना माहीत होतं. घरी म्हणजे कोपरा.

तिघं बाहेरच्या बाकावर बसली. थेंबांनी होतं नव्हतं तेवढंही दिसेना. समोरची भिंत पांढरी, माणसं पांढरी, सगळं दूध सांडल्यासारखं. लोटूभाऊंनी डोळे मिटले आणि थोड्याच वेळात त्यांचा खालचा ओठ लोंबला. प्रमिलाबाईंनी हात मांडीवर ठेवले. श्वास बघायचा प्रयत्न केला. श्वास कुठे होता? छातीत नुसती धडधड. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की मांडीवर काहीतरी हलतंय. त्यांचाच अंगठा. पहिल्या बोटावर सारखा घासत होता, दाणा चाचपावा तसा.

जयश्रीनंही ते बघितलं असणार. पायाशी ठेवलेली पिशवी तिनं वर घेतली, तिच्यातून घडी केलेली साडी काढली, उलटी बाजू वर करून दोघींच्या मांड्यांवर पसरली, आणि सासूचा हात उचलून तिच्यावर ठेवला.

"घ्या, आत्या. तुम्ही त्या बाजूनं. मी तुमना मांगून."

प्रमिलाबाईंनी गळ्यातला कटर धरला. बोटांनी धागा शोधला. कट. पुढचा धागा. कट. त्यांच्या हाताच्या मागोमाग जयश्रीचा हात येत होता, राहिलेलं कापत होता, एखादी पाकळी सुटली तर अंगठ्यानं दाबून पुढे जात होता. आता लपवायचं काही नव्हतं. दवाखान्यातली माणसं येता-जाता बघत होती, बघोत. चार फुलं झाली. दहा झाली. प्रमिलाबाई साडीवरून मान न उचलता म्हणाल्या,

"मनी सासूना हातमातलं सूप मी हिसकी लिधं व्हतं. चार बायासमोर."

जयश्रीचा हात थांबला. "मंग?"

"मंग ती चार वरीस तशीच बठनी. हात मांडीवर ठी."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लोटूभाऊंनाही नाही, आणि आता सांगायचं म्हटलं तर त्यांना ऐकू येणार नव्हतं. जयश्रीनं जाऊ द्या म्हटलं नाही. त्या वेळी लोक असंच वागायचे, असंही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर प्रमिलाबाईंना ते गोड लागलं नसतं. मग तिनं सासूचं बोट धरून साडीवरून जरा मागे नेलं.

"आठे एक राही गया, आत्या," ती म्हणाली.

बोटाखाली धागा होता, बारीक, सुटलेला. प्रमिलाबाईंनी तो कापला.

नर्स आली तेव्हा अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला होता आणि अर्धी साडी साफ झाली होती. तिनं तिथंच बाकावर पट्टा गुंडाळला. प्रमिलाबाईंचा दुसरा हात साडीवरच होता. पट्टा फुगला, सुटला. नर्सनं आकडा बघितला, पट्टा काढून पुन्हा गुंडाळला, पुन्हा मोजलं.

"एकसो छप्पन," ती म्हणाली. "बा, शुं कर्युं तमे?"

काय केलंत, म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारू लागली. लोटूभाऊ जागे झाले आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "काय व्हयनं?"

"चालो, चालो," नर्स घाई करायला लागली. "गळ्यातलं सगळं काढून द्या. आत काही चालत नाही."

प्रमिलाबाईंनी मंगळसूत्र काढून लोटूभाऊंच्या हातात दिलं. मग कटरची काळी दोरी डोक्यावरून काढली. केसांत अडकली, ती सोडवली. कटर तळहातावर घेतला.

"धर," त्या म्हणाल्या.

जयश्रीनं हात पुढे केला नव्हता. प्रमिलाबाईंनी चाचपत तिचा हात शोधला, तो उघडला आणि कटर त्यात ठेवला.

आत टेबलावर डॉक्टर म्हणाले, हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवा, अजिबात हलवू नका. प्रमिलाबाईंनी ठेवले. दिवा डोळ्यावर आला. बंद दाराच्या पलीकडून त्यांना बारीक आवाज ऐकू आला, का नुसता वाटला. कट. थोड्या वेळानं पुन्हा कट. मन उठलं आणि दाराबाहेर जाऊन बाकावर जयश्रीजवळ बसलं. त्याला त्यांनी परत बोलावलं नाही.